आई सांगेल तो रंग

पहिल्या पानावर बारा होते. बारा सगळ्यांनाच दिसतात, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या पानावर तीन. तिसऱ्यावर सत्तर. ठिपक्यांची गोल थाळी आणि तिच्यात ठिपक्यांचाच आकडा. मला वाटलं, एवढं सोपं? चार वर्षं अभ्यास केला, गणितात रडलो, सायको टेस्ट काढली, आणि रेल्वेच्या मेडिकलचा शेवटचा दरवाजा असा बालवाडीचा? मी जरा ऐटीतच म्हणालो, "सत्तर, सर." डॉक्टर थांबले. "फिर से देखिए, केऊर जी." माझं नाव केयूर आहे. बनारसमध्ये ते कोणालाच म्हणता येत नाही, मी सोडून दिलंय. मी परत बघितलं. सत्तरच. सात आणि शून्य. डॉक्टरांनी पुस्तक माझ्या मागच्या कँडिडेटकडे वळवलं, बलियाचा होता, सकाळी त्यानं मला अर्धी लिट्टी दिली होती. "आप बताइए." तो म्हणाला, "उनतीस." पान मागे. "ये?" "आठ." विचारसुद्धा केला नाही त्यानं. रांगेतून कोणीतरी बोललं, "का गुरु, चसमा घरे भुला अइला का?" आणि सगळे हसले, बलियावालासुद्धा, मग त्याला वाईट वाटलं आणि तो भिंतीकडे बघायला लागला.

काहीच दिसलं नसतं तर चाललं असतं. खरंच. दिसत नाही म्हणजे दिसत नाही, आंधळेपणाला एक इज्जत तरी असते. पण मला दिसत होतं. त्या पानावर सत्तर होते, अजूनही आहेत, मी आत्ता डोळे मिटले तरी आहेत. सगळ्या जगानं मिळून ठरवलंय की तिथे एकोणतीस आहेत, आणि माझे सत्तर म्हणजे आजार. कागदावर लिहून दिलं, ए-वन, अनफिट, रंगदृष्टी सदोष. इंजिन चालवणाऱ्या असिस्टंट लोको पायलटला ए-वनच लागतं, डोळ्यांची सगळ्यात कडक श्रेणी. बाकीचा मी पूर्ण फिट होतो, ब्लडप्रेशर बघून कंपाउंडर म्हणाला होता, पहलवान हो क्या. तीस दिवसांत अपील करता येतं, क्लार्कनं सांगितलं, मान वर न करता. "अपील में पास हो जाता है कोई?" मी विचारलं. "जिसको दिखता है, वो हो जाता है."

मैदागिनपर्यंत टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, केला, पुढे गल्लीतून चालत. आणि त्या चालण्यात माझं सगळं बिघडलं. आधी मी या गल्ल्यांतून कान आणि पाय वापरून चालायचो, मोटरसायकलचा हॉर्न, सांड, ओला दगड. आता प्रत्येक वस्तू समोर येऊन उभी राहायला लागली, सांग माझा रंग. टोमॅटो लाल. कशावरून? टोमॅटो आहे म्हणून. मिरची हिरवी, ताजी आहे म्हणून. हनुमानाचा शेंदूर शेंदरी, आता यात मी काय बघितलं? पान लावणाऱ्याच्या ओल्या फडक्याखालची पानं हिरवी आणि फडकं लाल. दोन्ही मला एकाच घरातली वाटली, चिखलाच्या घरातली. आयुष्यभर वाटत आली असणार. पण मी कधी वाटू दिलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं, आणि उत्तर माहीत असलं की कोण बघतंय? निळा माझा आहे, पिवळा माझा आहे. झेंडू, हळद, आभाळ, होड्यांच्या कडेचे पट्टे, यांच्यावर मी शपथ घेऊ शकतो. बाकी सगळे रंग ऐकीव. चोवीस वर्षं मी ऐकीव माहितीवर जगलो आणि ती इतकी पाठ केली की स्वतःलाच फसवलं. मंगला गौरीच्या पायऱ्यांपाशी एक बाई दुसरीला बांगड्या दाखवत होती, "देखो ना, कितना सुंदर रंग है, मन खुस हो गया." मला तिचा राग आला. मन खूश झालं म्हणे. रंग बघून मन खूश होतं, हे मी लोकांच्या तोंडून ऐकून मान डोलवायला शिकलो होतो.

आईला सांगितलं, रिपोर्ट यायचाय. ती म्हणाली, येईल रे, आणि देवासमोर साखर ठेवली. तिनं अर्ध्या गल्लीला आधीच सांगून टाकलेलं. दूधवाला मला 'ड्राइभर साहब' म्हणायचा तर ती त्याला खिडकीतून ओरडून सुधारायची, "ड्राइवर नहीं, लोको पायलट!" बाबा बँकेत होते, मी तेरा वर्षांचा असताना गेले. तेव्हापासून घरात एकच प्रश्न, केयूर कुठे लागणार. मोठी बहीण ऋता लग्न होऊन इंदूरला गेली. मी कोचिंग लावलं नाही, झेपणारं नव्हतं. जुनी गाइडं आणि मोबाइल घेऊन पंचगंगेच्या वरच्या पायऱ्यांवर बसायचो, तिथे नेटवर्क येतं. खाली राजघाटाच्या पुलावरून गाडी जाताना ऐकू आली की मी वही बंद करून ऐकायचो. कोणती गाडी, मला आवाजावरून कळायचं. हे कोणी विचारलं नाही मेडिकलला.

पहिले दोन दिवस मी फक्त आठवत होतो. आठवणं म्हणजे काय, जुन्या गोष्टी उकरून वास घ्यायचा. आमच्या घरात रंगाला नुसता रंग म्हणत नाहीत. डाळिंबी, आमसुली, पोपटी, विटकरी, अंजिरी, शेवाळी, कैरीचा, विड्याच्या पानाचा. मला वाटायचं मराठी किती मजेची भाषा आहे, शाळेतल्या हिंदीत लाल-हरा आणि आमच्याकडे अख्खी मंडई. डाळिंबी म्हणजे डाळिंबासारखा. मग डोळ्यांची गरजच काय, डाळिंब ठाऊक असलं की झालं. आई म्हणायची, "तो पोपटी शर्ट घाल, खिशावर शिवण असलेला." "विटकरी पिशवी आण, बंद तुटलेली." नेहमी एक खूण जोडलेली. मला वाटायचं ती बोलतेच लांबण लावून. आणि माझ्या रंगीत खडूंवर तिनं कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, प्रत्येकावर नाव, आणि नाव पण कसं, 'झाडाची पानं', 'झाडाचं खोड', 'कौलं'. मी तर त्यावरच वाचायला शिकलो. वर्गात एकदा खडू दुसऱ्या मुलाचे घेतले आणि खोड हिरवं नि पानं तपकिरी केली. मॅडमनी चित्र वर धरून सगळ्यांना दाखवलं. घरी येऊन सांगितलं तर आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात श्रीखंड. तिसऱ्या दिवशी रात्रभर जागून मला आठवलं, म्हणजे अंगावर पाल पडावी तसं आठवलं, की ऋताच्या खडूंवर चिठ्ठ्या नव्हत्या.

पण मी ते पुढे जाऊ दिलं नाही. पुढे गेलं असतं तर आईपर्यंत गेलं असतं.

त्यापेक्षा मी चिडलो. चिडणं सोपं. मी अख्ख्या बनारसवर चिडलो. या शहराला जरा कमी रंग चालले नसते का? इथे तर माणूस मेला तरी रंगातच जातो. आमच्या खिडकीखालून मणिकर्णिकेकडे तिरड्या जातात, आणि आई नुसतं वर पांघरलेलं कापड बघून म्हणायची, "सवाष्ण गेली गं बाई." मला वाटायचं तिला सगळं गाव ओळखतं. मी विचारायचो, कोण होती? ती म्हणायची, मला काय ठाऊक. म्हणजे कापड बोलत होतं, आणि ते तिच्याशी, ऋताशी, समोरच्या मिश्राईनशी, सगळ्यांशी बोलत होतं, मला सोडून. लग्नाची पत्रिका, साधूची कफनी, पक्षाचे झेंडे, गाईच्या कपाळावरचा टिळा, सगळं सगळ्यांशी बोलतं. लोक म्हणतात या रंगानं डोकं शांत होतं, त्या रंगानं रक्त तापतं. माझं रक्त कशानं तापतं माहीत आहे? "अरे दिसत कसं नाही, समोर तर आहे," यानं.

मामाचंही आठवलं. विश्वेश्वरमामा दूधविनायकला राहतो, इंटर कॉलेजात संस्कृत शिकवायचा. त्याचा एक किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितला जातो. त्यानं एकदा अर्धवार्षिक परीक्षेचे सगळे पेपर हिरव्या शाईनं तपासले. हिरवी शाई प्रिन्सिपलची, राजपत्रित अधिकाऱ्याची. प्रिन्सिपलनं बोलावून घेतलं, "पंडितजी, गजेटेड कब से हो गए?" मामा म्हणाला, "विद्या से तो जन्म से हूँ." नोटीस मिळाली. सगळे हसतात, काय बाणा आहे म्हणतात, मामा पण मिशीत हसतो. आता त्याचं ते हसणं आठवलं आणि उलगडलं. तो लाल पेनच समजत होता. घमेंडखोर म्हटलेलं त्यानं चालवून घेतलं, इतकी वर्षं, कारण दुसरं सांगण्यापेक्षा ते बरं.

टेलिग्रामच्या ग्रुपवर मी नाव न सांगता विचारलं. पाच मिनिटांत पीडीएफ आली. वर लिहिलेलं, 'पूरी किताब, रट्टा मारो, अपील में यही चलती है.' चोवीस पानं. शेवटची काही नुसत्या वाकड्या रेघांची, बोटानं गिरवायची. आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला. पाठांतर? ते मला येतं. चोवीस वर्षं दुसरं केलंय काय? प्रत्येक पानाची एक खूण काढली, जशी आईची खिशावरची शिवण. ज्या पानात डाव्या कडेला दोन ठिपके जुळे आहेत, ते आठ. माझ्या डोळ्यांना तीन दिसतात, तर तीन गिळायचे आणि आठ म्हणायचं. सत्तर दिसले की एकोणतीस. एकवीस दिसले की चौऱ्याहत्तर, आणि ते हिंदीत चौहत्तर, तिथे तोंडातून घरचं निघता कामा नये. दोन दिवसांत सगळी पानं झाली. पण पान क्रमानं येईल असं नाही, कोणीतरी मधलीच दाखवायला हवीत. घरात आई सोडून कोणी नाही.

रविवारी दुपारी ती मटार सोलत होती, ताट मांडीवर. मी म्हणालो, "आई, एक खेळ खेळू. तू कुठलंही चित्र उघड, मी आकडा सांगतो. बरोबर का ते बघ."

"माझे हात ओले आहेत."

"पूस ना. रेल्वेचं काम आहे. ट्रेनिंगचं."

तिनं पदराला हात पुसले, मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ धरला. बघत बसली. मला वाटलं चष्मा हवाय, मी आणायला उठलो.

"बस," ती म्हणाली. "हे पुस्तक मला माहीत आहे."

"कुठलं पुस्तक?"

"विशूला दाखवलं होतं. त्या पेपरांच्या भानगडीनंतर. मीच घेऊन गेले होते त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तू तीन वर्षांचा होतास, कडेवर होतास माझ्या." तिनं एक शेंग उचलली आणि फोडलीच नाही. "डॉक्टर म्हणाले, बहीण आहात का? मग आपके बेटे को भी देख लीजिएगा. हे आईकडून येतं. म्हणजे माझ्याकडून."

अनफिट झाल्याचं सांगून टाकलं, पुढे मी काय बोललो ते नीट आठवत नाही. मोठ्यानं बोललो एवढं आठवतं, कारण समोरची मिश्राईन गॅलरीत आली आणि म्हणाली, "का हुआ, मौसी?" आणि आई म्हणाली, "कुछ नहीं, सिलेंडर की बात है." खोटं बोलण्यात पण किती सफाई.

"तुला माहीत होतं. आणि मी चार वर्षं तिथे पायऱ्यांवर बसून—"

"मला काय माहीत रेल्वेत हे बघतात. चष्मा बघतात एवढं माहीत होतं."

"सिग्नल असतात आई! लाल आणि हिरवे! ड्रायव्हरला दुसरं असतं काय?"

"तू म्हणालास इंजिन चालवायचं. रुळावरून तर जातं ते. मला वाटलं, वळवायचं नसतं, काही नाही."

मला हसू आलं, रागातच, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. मी म्हणालो, "ते सोड. मला का नाही सांगितलंस? मला. माझे डोळे आहेत ना? चिठ्ठ्या लावल्यास, शिवणी दाखवल्यास, विशूमामाला घेऊन गेलीस. मला एकदा बसवून सांगायला काय झालं होतं? दहाव्या वर्षी सांगितलं असतंस तर मी दुसरं काहीतरी केलं असतं. शिक्षक झालो असतो, बँकेत बसलो असतो. निदान त्या बलियावाल्यासमोर मूर्ख ठरलो नसतो."

"दहाव्या वर्षी सांगणार होते. म्हटलं अजून लहान आहे, दोन वर्षं थांबू." ती शेंगेशी बोलत होती. "मग तुझे बाबा गेले."

"त्याचा काय संबंध?"

"चौदाव्या दिवशी मी लाल टिकली काढून ही लावली. कोणी सांगितलं नव्हतं, माझी मीच. आणि त्या दिवसापासून सगळे माझ्या कपाळाशी बोलायला लागले. मिश्राईन, दूधवाला, तुझी आत्या, विशूसुद्धा, त्याला कोणीतरी सांगितलं असणार. ऋता तर आठ दिवस माझ्याकडे बघेचना, ताट पुढे केलं की मान खाली. जिथं जाऊ तिथं लोकांचे चेहरे आधी पडायचे आणि मग मी दिसायचे. आणि तू शाळेतून आलास. दप्तर फेकलंस. माझ्या तोंडाकडे सरळ बघितलंस आणि म्हणालास, आई, भूक लागलीय, काय केलंयस? जसं रोज म्हणायचास." तिनं शेंग ताटात टाकली. "घरात एका माणसाला तरी मी तीच दिसते म्हटलं. राहू दे तेवढं. आज सांगू, उद्या सांगू. मग तू मोठा झालास."

मी तिच्या कपाळाकडे बघितलं. टिकली होती. नेहमीची. माझ्या डोळ्यांना बाबांच्या आधीची आणि नंतरची एकच, आणि मी त्यावर किती भाषणं ठोकली होती. मित्रांना सांगायचो, आमच्या आईनं विधवेचं नाटक केलं नाही, बाबा गेले तरी टिकली तीच ठेवली, आमचं घर पुढारलेलं. ते ऐकून कोणी काही बोललं नाही. त्यांना दिसत असणार. त्यांना वाटलं असणार, हा असं का बोलतो, आणि मग वाटलं असणार, जाऊ दे, बाप गेलाय त्याचा.

मी मोबाइल तिच्या हातात परत कोंबला. "उलट पानं. मला सगळी येतात."

तिनं उलटली. मधूनच, मागून, पुढून. मी आठ म्हणालो, एकोणतीस म्हणालो, पंधरा, पाच, चौऱ्याहत्तर. ती प्रत्येकाला "बरोबर" म्हणत गेली, हळू, नामजप करावा तशी. सगळी झाली. एक चुकलं नाही.

"बघ," मी म्हणालो. "अपील केलं की पास. मंगळवारी जातो आणि फॉर्म भरतो."

"आणि गाडीवर?"

"सिग्नलची जागा ठरलेली असते. वरचा कुठला, खालचा कुठला, पाठ होतं. सोबत सीनियर असतो."

"धुकं असलं की?"

जानेवारीत पंचगंगेच्या पायऱ्यांवरून नदी दिसत नाही, पूल दिसत नाही, फक्त आवाज येतो. अशा वेळी एकच दिवा दिसतो, वर-खाली काही नसतं, नुसता एक गोळा, आणि त्याचा रंग. मी स्वतःच हे वाचलं होतं, गाइडमध्ये, पान नंबरसकट.

"गाडीत माणसं असतात, केयूर," आई म्हणाली.

"हे चार वर्षांपूर्वी सांगायचंस."

"हो." ती म्हणाली. "सांगायचं होतं. चुकलंच माझं."

तिनं भांडायला हवं होतं. काहीतरी कारण द्यायला हवं होतं, मी ते फाडून टाकलं असतं. तिनं नुसतं 'हो' म्हटलं आणि मला हात ठेवायला जागाच उरली नाही. मी मोबाइल घेतला, पीडीएफवर बोट दाबून धरलं, डिलीट करायचं का असं त्यानं विचारलं, मी हो दाबलं, आणि काही चांगलं केलंय असं वाटलं नाही. चार वर्षं गेलीच. मंगळवारी मी कुठेच जाणार नव्हतो, बुधवारीही नाही. गल्लीला काय सांगायचं, दूधवाल्याला काय सांगायचं, ते तिचं ती बघेल, सिलेंडर सांगेल. मी तिथेच बसून राहिलो आणि शेंगा फोडायला लागलो, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

ती खाली बघून मटार निवडत होती. मग नाक ओढल्यासारखा आवाज आला, म्हणजे आला असं वाटलं, बाहेर घंटाही वाजत होती. मी वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं. लोक म्हणतात रडलं की डोळे लाल होतात, ऋता तर दारातूनच ओळखायची, आई रडलीस ना, डोळे बघ. मी बघत होतो, अगदी जवळून, त्या पानांकडे बघितलं होतं त्याहून जास्त नेटानं. डोळे होते. डोळ्यांसारखे डोळे. बाबा गेल्यावर मी रोज शाळेतून येऊन यांच्याकडेच बघितलं असणार आणि भूक लागली म्हटलं असणार.

"आई, रडतेयस का?" मी विचारलं.

"छे," ती म्हणाली.

आणि मला ते खरं धरून चालावं लागलं.